सत्तावीस नंबरची विरळणी

नाव : व्यंकटी शेषेराव ढगे. वय : सत्तेचाळीस. मूळ गाव : तालुका नायगाव, जिल्हा नांदेड. पदनाम : प्राणिगृह परिचर (कंत्राटी). शैक्षणिक अर्हता : सातवी उत्तीर्ण. कर्तव्ये : (अ) प्रयोगशाळेतील प्राण्यांस अन्न, पाणी व कोरडी बिछायत पुरवणे; (आ) प्राण्यांच्या प्रकृतीवर मायेने लक्ष ठेवणे; (इ) वरिष्ठ सांगतील ती इतर कामे.

'मायेने' हा शब्द मूळ मसुद्यातला आहे. इतर कामे म्हणजे माना मोडणे.

हे व्यंकटीला रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं. संस्था नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मागे. आत थंडगार खोली, मांडण्यांवर चारशे पिंजरे, पिंजऱ्यांत दीड हजार उंदीर. त्या दिवशी पुण्याहून आलेला एक संशोधक उंदीर मारत होता. कृती सोपी आहे. उंदराला जाळीवर ठेवून शेपूट ओढलं की तो पुढच्या पायांनी जाळी घट्ट धरतो. तेवढ्यात कवटीमागे पेन्सिल आडवी दाबायची आणि शेपटाला एकच हिसका द्यायचा. जमलं तर उंदराला काही कळत नाही. संशोधकाला जमलं नव्हतं. तीन हिसक्यांनंतर उंदराचं मागचं धड लुळं पडलं होतं आणि पुढचं, तोंड उघडून, किंचाळत होतं. संशोधकाच्या हातातून पेन्सिल निसटली. व्यंकटीने झाडू भिंतीला टेकवला, उंदीर उचलला, कवटीमागे अंगठा लावला आणि ओढलं. खोली शांत झाली.

"मामा, याआधी कुठं होतात?" संशोधकाने विचारलं.

"शेतात," व्यंकटी म्हणाला, आणि झाडू घेतला.

पुढची अकरा वर्षं संस्थेत दुसऱ्या कुणी पेन्सिल हातात धरली नाही. आठवड्याला तीसेक उंदीर धरले तर हिशेब सतरा हजारांच्या पुढे जातो. त्याचा उजवा अंगठा डाव्याहून रुंद झाला आहे. गावाकडे तो दवाखान्यात आहे असं सांगतो, आणि ते फारसं खोटं नाही. बायको सिंधू त्याच्या हातचा चहा पीत नाही. तो तिच्या हातचा पितो, त्यामुळे संसार अडत नाही.

त्याला आपल्या कामाची लाज नव्हती. नर एकमेकांचे गळे फोडतात हे तो रोज पाहत होता. सकाळी पिंजरा उघडावा तर चारांतले तीन ठिगळासारखे पडलेले आणि चौथा, पाठीला रक्त लागलेला, दाणे खात बसलेला. त्या मानाने आपला अंगठा सभ्य आहे, असं त्याचं मत होतं.

राजकन्या नावाची विद्यार्थिनी आली ती सहा वर्षांपूर्वी. किनवटच्या जंगलातल्या गावची, सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली. तिथे भाकरी आधी पटकावावी लागते आणि मग चावावी लागते, म्हणून ती बोलायचीही तशीच. तिला पीएच.डी. करायची होती. तिच्या वाट्याला सत्तावीस नंबरची मांडणी आली, आणि त्या मांडणीबरोबर व्यंकटी. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. येत्या तीस जूनला ती संपणार होती. त्याआधी प्रबंध पूर्ण झाला नाही तर सहा वर्षं पाण्यात आणि राजकन्या परत किनवटला, जिथे वडिलांनी तिचं लग्न फक्त 'डॉक्टर होऊ दे' या सबबीवर थांबवून धरलं होतं.

सत्तावीस नंबरचे उंदीर म्हणजे काय, हे तिने व्यंकटीला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

"मामा, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या डब्यात बारा वायरी आहेत आणि कुठली कशाची ते माहीत नाही. काय करायचं?"

"वायरमन बोलवायचा."

"वायरमन नाही."

"आमच्याकडं बी नसतोय. बोल."

"एक वायर काढायची आणि बटण दाबून बघायचं, काय बंद पडतंय. जे बंद पडलं, ती वायर त्याची. आम्ही एक जनुक काढून टाकतो आणि बघतो, पिल्लू पोटात घडताना काय घडायचं राहून जातं. ह्याला नॉकआउट म्हणतात."

व्यंकटीला नॉकआउट माहीत होतं. गावातल्या टेनिसबॉलच्या स्पर्धा तशाच असत. हरला तो घरी. "पर आमच्या गावात एक वायर काढली की अख्खं गावच बंद पडतं," तो म्हणाला.

"तसंही होतं. त्याला आम्ही घातक म्हणतो."

सत्तावीस नंबर घातक निघाला होता. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची आणि एक बापाची. एकच बिघडलेली असेल तर उंदीर धडधाकट. असे एकेक बिघडलेले आई-बाप एकत्र ठेवले की चार पिल्लांत एकाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या यायला हव्यात. अठराव्या दिवशी आईची मान मोडून पोट उघडलं, की तुरीच्या शेंगेसारख्या फुगलेल्या गर्भाशयात ते चारांतलं एक असायचं, आणि त्याचं काळीज उडत असायचं. एकोणीस-वीस दिवसांनी आई व्याली, की मात्र एकही नसायचं. एक्केचाळीस वेळा माद्या व्याल्या, दोनशे शेहेचाळीस पिल्लं मोजली, आणि दोन्ही प्रती बिघडलेलं त्यांत एकही निघालं नाही.

प्रमुख होत्या डॉ. जगदेवी बिरादार. त्या सोमवारी आणि गुरुवारी लातूरहून स्वतः गाडी चालवत येत आणि गाडी चालवतात तशाच बोलत. त्यांचा निष्कर्ष असा, की ही पिल्लं जन्मताच मरतात आणि आई ती खाऊन टाकते. उंदरी मेलेलं पिल्लू ठेवत नाही हे सगळ्या प्रयोगशाळांना ठाऊक आहे. प्रश्न एवढाच होता, की मरतात कशाने. हा राजकन्याच्या प्रबंधाचा चौथा अध्याय.

त्या अध्यायासाठी व्यंकटीने दोन वर्षांत त्रेसष्ट गाभण माद्यांच्या माना मोडल्या. तो माद्या ट्रेमध्ये ठेवून देई. पुढची कापाकापी राजकन्या आतल्या खोलीत करी. फुप्फुसं पाहिली, ठीक होती. काळजाचे पडदे ठीक होते. टाळू जुळलेली होती. मेंदूचे कागदाहून पातळ काप काढले, तेही ठीक. राजकन्याच्या डोळ्यांखाली काळं येत गेलं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन दाण्यांच्या कोठारात आली. व्यंकटी पोत्यावर बसून भाकरी खात होता.

"मामा, समितीपुढं बोलायचंय. तुम्ही समिती व्हा."

"समितीला चहा असतोय."

"आधी ऐका. मग चहा."

तिने सगळं मराठीत सांगितलं, हातवारे करून. व्यंकटी समितीसारखाच, अर्धवट लक्ष देऊन ऐकत होता. मग पडद्यावर एक गुलाबी पिल्लू आलं. अठराव्या दिवसाचं. डोळे बंद, मागचे पाय नीट, आणि पुढचे दोन कोपरापाशीच संपलेले, टोकाला नुसते गोळे.

"हे बघा. दोन्ही प्रती नसल्या की पुढचे पंजे होत नाहीत. पण पंजे नाहीत म्हणून कुणी मरत नाही. ह्याच्या आत काहीतरी अजून बिघडलंय, आणि ते मला सापडत नाही. एवढं धडधाकट पिल्लू, जन्मल्यापासून मी येईपर्यंत कशानं मरतं?"

व्यंकटीने भाकरी फडक्यात गुंडाळली. ते कशाने मरतं हे त्याला माहीत होतं. किती वाजता मरतं हेही माहीत होतं.

नियम असा होता, की सकाळी सात ते दहा परिचराने सफाई करायची आणि अकरानंतर विद्यार्थ्यांनी आत यायचं, म्हणजे बाहेरचा रोग आत येत नाही. सात वाजता त्या खोलीत व्यंकटीशिवाय कुणी नसे. पहिल्याच वर्षी सत्तावीस नंबरच्या एका मादीने थोटकं पिल्लू खाल्लं, आणि मग सुटलीच. आठच्या आठ खाल्ली. पिंजऱ्यात फक्त एक शेपूट उरलं होतं. बिरादार मॅडम त्याला सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, की लक्ष ठेवायला माणूस ठेवलाय की शोभेला. व्यंकटीला बापाची आठवण झाली. शेषेरावांची राखणीची कुत्री व्याली, की ते पिल्लं पालथी घालून बघत आणि पांगळं असेल ते लगेच बादलीत बुडवत. "आईच्या तोंडाला एकदा आपल्या लेकराचं रगत लागलं की दुसऱ्या वेताला ती धडधाकट बी सोडत न्हाई," ते म्हणत. ज्वारीत दाट उगवलेलं आणि मरतुकडं रोप उपटतात तसंच हे. विरळणी करावीच लागते.

तेव्हापासून रोज सकाळी सातला, नवं बाळंतपण दिसलं की व्यंकटी पिल्लं तळहातावर घेई. थोटकी असतील ती अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच दाबी. जन्मलेल्या पिल्लाची मान काडेपेटीतल्या काडीएवढी असते. ती तो पिशवीत टाकी, उरलेली मोजी आणि पिंजऱ्याच्या कार्डावर आकडा लिही. अकराला राजकन्या येऊन तोच आकडा पुन्हा मोजी. दोघांचा आकडा नेहमी जुळायचा, आणि त्याबद्दल मॅडमनी एकदा त्याचं कौतुकही केलं होतं.

"समितीला काही प्रश्न?" राजकन्याने विचारलं.

"न्हाई," व्यंकटी म्हणाला. "चहा सांग."

घरी त्याने सिंधूला सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "ती पोरगी पास होनार हाय का?"

"मरायचं कारन घावलं तर होनार."

"कारन तर तुमी हाव."

"हाव."

"मग तिला सांगून काय करून राहिले? नोकरी जाईल तुमची, आन् तिचं सहा वर्साचं पुस्तक बी फाटल. मेले ते मेले. गप बसा."

हा सल्ला सर्व बाजूंनी योग्य होता. व्यंकटी शनिवारी गप बसला. रविवारी सुट्टीच होती, म्हणून गप बसायला त्रास पडला नाही.

सोमवारी मॅडमनी यादी दिली. मेंदूच्या देठात काही असेल, अशी नवी शंका होती. अठराव्या दिवसाच्या वीस माद्या एकदम हव्यात, मुदतीआधीची शेवटची संधी. मॅडम वरच्या मजल्यावर बैठकीला गेल्या. राजकन्या कात्री आणि चिमटे घेऊन ट्रेपाशी उभी राहिली. या वेळी वेळ वाचवायला ती इथेच कापणार होती.

व्यंकटीने पहिली मादी जाळीवर ठेवली. गाभण मादी जड असते, जाळी सोडत नाही. अंगठा, हिसका. राजकन्याने पोट चिरलं, शेंग बाहेर काढली, एकेक दाणा सोलला. पाचव्या दाण्यातून थोटकं निघालं. ते तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, गुलाबी होत गेलं, ट्रेच्या गार पत्र्यावर कोपरांवर सरकलं. राजकन्याने कात्रीने त्याचं डोकं उतरवलं आणि बाटलीत टाकलं. दुसरी मादी. तिसरी. ट्रेमधलं रक्त काठाला आलं. चौथीची मान मोडताना व्यंकटीचा हिसका चुकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मादी लुळी होऊन ओरडली आणि त्याला दुसऱ्यांदा ओढावं लागलं.

"मामा, काय झालं?"

पाचवी त्याच्या हातात होती. त्याने ती परत पिंजऱ्यात ठेवली.

"हे मरत न्हाईत," तो म्हणाला.

"कोण?"

"थोटके. जन्मतेत, दूध बी पितेत. सकाळी सातला मी मारतो त्यांना. माय खाईल म्हनून. पयल्या वर्सापासून मारून राहिलो."

राजकन्याला समजायला वेळ लागला. तिच्या उजव्या हातात कात्री होती, ती तिने खाली ठेवली. नुसती ठेवली नाही, नीट, ट्रेच्या कडेला समांतर ठेवली. मग मागच्या मांडणीवरून पिंजऱ्याचं पोलादी झाकण उचललं आणि व्यंकटीच्या तोंडावर हाणलं. पहिला घाव भुवईवर बसला. दुसरा कानावर. तिसऱ्याला त्याने हात वर केला नाही, म्हणून तो हनुवटीवर बसला आणि त्याची जीभ दातांत सापडली.

"सांगायला काय झालं होतं?" ती ओरडत नव्हती, त्याचंच व्यंकटीला भय वाटलं. "एकदा तरी. कार्डावर लिहायला काय झालं होतं?"

व्यंकटीने तोंडातलं रक्त ट्रेमध्ये थुंकलं. तिथे आधीच भरपूर होतं. "विरळनी कुनी लिहून ठेवतंय का, पोरी," तो म्हणाला. "राहिलं तेवढं पीक लिहितेत."

झाकण तिने खाली टाकलं. मग स्वतःच स्कूटीवर बसवून त्याला दवाखान्यात नेलं. भुवईला पाच टाके पडले. कशाने लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोघं एकदम म्हणाले, "मांडणी पडली."

संध्याकाळी मॅडमनी दोघांना बोलावलं. राजकन्याने सगळं सांगितलं. मॅडमनी व्यंकटीच्या पट्टीकडे पाहिलं.

"किती मारले?"

"मोजले न्हाईत, मॅडम."

"मी मोजते," मॅडम म्हणाल्या, आणि कागदावर आकडे मांडले. चारांत एक या हिशेबाने मोजलेली दोनशे शेहेचाळीस म्हणजे तीन वाटे, तर गेलेला चौथा वाटा ब्याऐंशी निघाला. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "माझे वडील उदगीरला तूर करायचे. विरळणीला मीही जायचे." एवढंच बोलून त्यांनी दोघांना जायला सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं व्यंकटीला जिन्यात वाटलं.

दुसऱ्या दिवशी ज्ञापन आलं : 'आपण कोणत्या अधिकारात, कोणाच्या मान्यतेने व कोणत्या कारणास्तव सदर प्राण्यांचे जीवन समाप्त केले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' व्यंकटीने खुलाशात एकच शब्द लिहिला, 'सवयीने', आणि सही केली. त्याला काढून टाकायचं ठरत होतं. पण उरलेल्या सोळा माद्या व्यायला आल्या होत्या, आणि पिल्लं हातात घेतल्यावर आई बिथरणार नाही असा हात त्याच्याशिवाय कुणाचा नव्हता. खुलासा फायलीत गेला आणि व्यंकटी खोलीत.

या वेळी पहाटेपासून राजकन्या स्टुलावर बसली. पहिली मादी साडेसहाला व्याली. सात पिल्लं, त्यांत दोन थोटकी. आईने सगळी चाटली. एक थोटकं कोपरांवर सरकत भरकटलं, तशी ती उठली आणि त्याला दातांत धरलं. राजकन्याने व्यंकटीचं मनगट पकडलं. आईने पिल्लू घरट्यात नेऊन ठेवलं. तासाभराने त्याच्या पारदर्शक पोटात दुधाचा पांढरा ठिपका दिसला.

"दूध पिलं," व्यंकटी म्हणाला.

"दिसतंय मला." तिने मनगट सोडलं. त्यावर नखांच्या चार खुणा उठल्या होत्या.

सगळीकडे असं झालं नाही. तीन माद्यांनी थोटकी खाल्ली, आणि त्यांतल्या एकीने पाठोपाठ धडधाकटही. व्यंकटीने पिंजरा उघडला तेव्हा ती एका पिल्लाचं डोकं पुढच्या पंजांत धरून कुरतडत होती. राजकन्याने वेळ लिहून घेतली. शेषेरावांचं शास्त्र पूर्ण चुकीचं नव्हतं. पण बाकी जगली. डोळे उघडले, केस आले, कोपरांवर पळू लागली, दाणे तोंडानेच उचलू लागली. म्हणजे सत्तावीस नंबरच्या वायरीवर पुढचे पंजे तेवढे चालत होते. बाकी सगळं तिच्यावाचून चालत होतं.

निष्कर्ष पूर्वीपेक्षा लहान होता, पण खरा होता. जुना चौथा अध्याय प्रबंधातून काढून टाकला. त्रेसष्ट माद्या एका तळटीपेत गेल्या. मॅडमनी स्वतः विद्यापीठात जाऊन 'प्रशासकीय कारणास्तव' सहा महिन्यांची मुदत आणली, आणि एक अट घेऊन आल्या : थोटक्या पिल्लांची हाडं एकविसाव्या दिवशी रंगवून दाखवायची, त्याशिवाय विद्यापीठ प्रबंध स्वीकारणार नाही. हाडं रंगवायची तर पिल्लू जिवंत ठेवून चालत नाही.

राजकन्या कोठारात आली. व्यंकटीच्या भुवईचे टाके निघाले होते.

"किती हायेत?" त्याने विचारलं.

"चौतीस."

"तूच कर की. शिकवतो."

"माझा हात चुकला तर हाडं मोडतील," ती म्हणाली. "आणि ती ओरडतील."

व्यंकटी उठून हात धुवायला गेला.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीचं पत्र मंगळवारी आलं : 'सदर चौतीस प्राण्यांचे जीवन विहित व वेदनारहित पद्धतीने समाप्त करण्यास ही समिती मान्यता देत आहे. अनुभवी परिचर उपलब्ध असल्याची नोंद घेण्यात आली.' बुधवारी सकाळी सातला सुरुवात झाली. राजकन्या मोजत होती. थोटक्यांना जाळी धरता येत नव्हती, त्यामुळे हिसक्याला ताण मिळेना, आणि प्रत्येकाला दोनदा ओढावं लागलं.